दोन्ही हात कॅमेऱ्यावर

बाबा,

सर्वपित्री अमावस्येच्या त्या रविवारबद्दल मी तुम्हाला दोन गोष्टी खोट्या सांगितल्या. एक तोंडाने सांगितली, दुसरी नुसती गप्प बसून. तुम्हाला जाऊन आता वीस वर्षं होतील आणि त्या रविवारला जवळजवळ त्याच्या दुप्पट. हल्ली कपाटाची किल्ली कुठे ठेवली ते मला आठवत नाही, पण तो दिवस सकाळपासून संध्याकाळपर्यंत जसाच्या तसा आठवतो. गेल्या महिन्यात मी मुलुंडला जाऊन आले. तिथे जे झालं ते सांगायचं तर आधी सगळंच सांगायला हवं.

मालाडची आपली खोली. आई पहाटेपासून स्टोव्हसमोर आहे. वडे, खीर, काळ्या वाटाण्याची आमटी. तुम्ही आंघोळ करून सोवळं नेसून बसला आहात, कावळ्याचं पान घेऊन चाळीच्या गच्चीवर जायचं आहे. आई म्हणते की आजच्या दिवशी पोरीला पाण्यावर पाठवू नका, आज दिवस चांगला नाही. तुम्ही हसता. पितृपक्षात कुठलंच शुभकार्य नसतं, म्हणून स्टुडिओच्या मालकाचा व्हिडिओ कॅमेरा पंधरा दिवस आपल्या घरी, कपाटावर चादरीत गुंडाळून ठेवलेला. गिरणी बंद पडल्यावर दोन वर्षं तुम्ही लग्नांमध्ये नुसता दिवा धरून उभे राहायचात. मग एकदा कॅमेरावाला आजारी पडला, मालकाने कॅमेरा तुमच्या खांद्यावर दिला आणि तुमचा हात बघून पुन्हा काढून घेतला नाही. गिरणीत साच्यावर तुटलेला धागा जोडणारा हात, तुम्ही म्हणायचात, तो हलत नाही. मला तुम्ही त्या पंधरवड्यात रोज थोडं थोडं शिकवलंत. श्वास कधी सोडायचा, कोपर बरगडीला कसं टेकवायचं, माणूस चौकटीतून निघून गेला तरी लगेच त्याच्यामागे कसं धावायचं नाही. त्या सकाळी सोवळ्यातच तुम्ही कॅमेऱ्याची पेटी काढून माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "काय पण झाला तरी दोनय हात कॅमेऱ्यावर." मालकाला विचारलं नव्हतंत. मुलगी कॉलेजात फिल्म करते आहे याचा तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त आनंद झाला होता.

आम्ही चौघं होतो. एक ती, माझी मैत्रीण, जिला तुम्ही चांगलं ओळखत होतात, कारण ती आपल्याकडे आली की आईच्या हातची कुळथाची पिठी मागून खायची. एक चष्मेवाला, आमच्याच वर्गातला, ज्याच्या डोक्यातून ही सगळी कल्पना निघाली होती. खाडी, तिवरं, पक्षी, त्यात होडीतून जाणारे मित्र, अशी वीस मिनिटांची फिल्म करायची आणि कॉलेजच्या गॅदरिंगला टीव्हीवर दाखवायची. चौथा वर्सोव्याच्या कोळीवाड्यातला. होडी त्याच्या काकाची. काकाला त्याने विचारलं होतं की नाही, ते आम्ही त्याला विचारलं नाही. नऊच्या सुमाराला आम्ही धक्क्यावरून निघालो तेव्हा भरतीचं पाणी आत चाललं होतं, त्याला वल्हं मारायचीही फारशी गरज पडत नव्हती. मढला जाणारी होडी आमच्या बाजूने गेली, त्यातल्या बायका माझ्या खांद्यावरच्या त्या धुडाकडे बघून काहीतरी बोलल्या आणि हसल्या. मी त्यांनाही घेतलं.

मी तुम्हाला कधी सांगितलं नाही की मला किती मजा आली. दुपारपर्यंत तरी. दोन्ही बाजूंना तिवरांची हिरवी भिंत, मुळं पाण्यात बुडालेली, आणि आत शिरलं की शहराचा आवाजच बंद. मालाड इतकं जवळ आहे यावर विश्वास बसू नये. खंड्या एका काठीवर बसला होता, तो उडेपर्यंत मी श्वास धरून ठेवला. चष्मेवाला मागून सूचना देत होता, आता तिच्यावर ये, आता पाण्यावर जा, आणि ती पुढे बसून हात पाण्यात सोडून गाणं गुणगुणत होती. तिने पिवळी ओढणी घेतली होती. कॅमेऱ्याला डोळा लावला की मात्र सगळं काळंपांढरं दिसायचं, आतल्या लहानशा पडद्यावर, जसं काही ते आपल्यासमोर नाहीच, कुठेतरी दुसरीकडे चाललं आहे. बाराच्या पुढे भरती थांबली. आमचा कोळी मित्र म्हणाला की चला, आता फिरू. चष्मेवाल्याला एका फाट्यात अजून आत जायचं होतं, तिथे बगळे होते. मलाही जायचं होतं. अर्धा तास, असं म्हणत आम्ही तिथे दोन तास काढले, डबे खाल्ले, तिला तिवरांमधून येताना तीनदा घेतलं कारण दोनदा ती हसली.

पाणी कधी उतरायला लागलं ते आम्हाला कळलं नाही. कळलं तेव्हा मुळं उघडी पडली होती आणि काठाच्या चिखलावर निवटे मासे उड्या मारत होते. मित्राने एकदा पाण्याकडे बघितलं, मग उठून उभा राहिला. त्याच्या चेहऱ्यावरून मला पहिल्यांदा भीती वाटली, बाबा. समुद्राकाठी वाढलेला मुलगा, तो घाबरला होता. अमावस्येचं उधाण, म्हणाला, जितकं चढतं तितकंच ओढतं. फाट्यातून बाहेर पडताना होडी दोनदा रुतली. दुसऱ्यांदा त्याने वल्हं चिखलात रोवून जोर लावला आणि ते मधोमध मोडलं. आम्ही मोठ्या खाडीत आलो ते एका वल्ह्यावर, आणि तिथे पाणी नुसतं धावत होतं. सकाळी आम्हाला आत घेऊन आलेलं तेच पाणी आता आम्हाला उचलून समुद्राकडे घेऊन चाललं होतं.

मी कॅमेरा चालू ठेवला होता. का, ते तेव्हा कळलं नाही. चष्मेवाला सूचना द्यायचा थांबला होता. वर्सोव्याचा धक्का डावीकडे दिसायला लागला, माणसं दिसली, वाळत घातलेले बोंबील दिसले, आणि मित्र एकाच वल्ह्याने होडीचं तोंड तिकडे वळवायला बघत असताना तो धक्का आमच्या बाजूने सरकत मागे गेला. आम्ही हाका मारल्या. एका बाईने आम्हाला हात केला, तिला वाटलं आम्ही मजेत ओरडतो आहोत. पुढे खाडीचं तोंड होतं. तिथे उतरणारं पाणी आणि येणाऱ्या लाटा एकमेकांवर आदळत होत्या, पांढरी रेघ लांबूनच दिसत होती, आणि तिचा आवाज, तो सतत वाढत जाणारा आवाज, मला अजून स्वप्नात ऐकू येतो. मला पोहता येत नव्हतं. तिलाही नव्हतं.

तोंडाच्या थोडं अलीकडे मासेमारीच्या मोठ्या बोटी नांगरून ठेवलेल्या असतात. मित्राने वल्ह्याचा सुकाणूसारखा वापर करून होडी एका बोटीच्या दोराकडे नेली आणि ओरडला की पुढचे कुणीतरी दोर धरा. पुढे आम्ही दोघीच होतो. माझ्या खांद्यावर कॅमेरा, म्हणून ती उठली. तिने दोर धरला, दोन्ही हातांनी, बरोबर धरला. पण होडी थांबली नाही. होडी तिच्या पायांखालून निघून गेली आणि ती दोराला लोंबकळत छातीपर्यंत पाण्यात. दोराला शेवाळ होतं. मग प्रवाहाने होडी दोराला घासत गर्रकन फिरवली आणि मैत्रीण माझ्या बाजूला आली, माझ्यापासून एका हातावर. तिने एक हात दोरावरून सोडला आणि माझ्याकडे केला. तिने माझं नाव घेतलं. वाचवा म्हणाली नाही, ओरडली नाही, घरात एखादी वस्तू मागावी तसं नुसतं माझं नाव घेतलं.

मी हात दिला नाही.

मित्र माझ्याकडे पाठ करून वल्ह्याशी झटत होता. चष्मेवाला मागच्या बाजूने डब्यांवरून, पायांवरून रांगत पुढे आला, त्यात त्याचा चष्मा पाण्यात गेला. त्याने आंधळ्यासारखा हात घातला आणि त्याला तिचं मनगट सापडलं. दुसऱ्या हाताने तिने दोर सोडला नव्हता, म्हणून होडीही तिथे अडकून राहिली. आमची चौघांची होडी त्या एका मुलीच्या मुठीत होती. तेवढ्यात शेजारच्या बोटीवर झोपलेला एक म्हातारा कोळी आवाजाने उठला, त्याने आकडा टाकून होडी ओढून घेतली, तिला वर घेतलं, आणि मग आमच्या मित्राच्या एक ठेवून दिली. तिचा तळवा दोराने सोलून निघाला होता. ती माझ्याच खांद्यावर डोकं ठेवून बसली. कॅमेऱ्यावर पाण्याचा थेंबही पडला नव्हता.

घरी मी एवढंच सांगितलं की होडी जरा लांब गेली होती, एका काकांनी आणून सोडलं. तुम्ही कॅमेरा फडक्याने पुसलात, पेटीत ठेवलात, आणि दुसऱ्या दिवशी मला स्टुडिओत घेऊन गेलात. तुम्हाला माझं काम बघायची घाई झाली होती. कॅसेटमध्ये काय काय असेल हे मला माहीत होतं आणि नव्हतंही. मालक जेवायला गेला होता. तुम्ही शटर अर्धं ओढून घेतलंत आणि आपण दोघं स्टुलांवर टीव्हीसमोर बसलो. मढच्या होडीतल्या बायका बघून तुम्ही हसलात. खंड्याच्या वेळी मान डोलावलीत. मग ओहोटी आली, आणि तुम्ही गावचे, खाडीकाठचे, तुम्हाला आमच्या आधी कळलं. तुम्ही पुढे सरकून बसलात. आणि मग तो हात चौकटीत आला. कॅमेऱ्यातून मी सगळं काळंपांढरं बघितलं होतं. आता ते रंगीत होतं. पिवळी ओढणी पाण्यावर पसरलेली, तिच्या हिरव्या काचेच्या बांगड्या, तिचे ओठ, माझं नाव घेणारे. हात येतो, मागे जातो, पुन्हा येतो. मनात मोजलं तर चौदापर्यंत. आणि त्या सगळ्या वेळात चित्र जरासुद्धा हलत नाही.

तुम्ही कॅसेट मागे नेलीत आणि तेवढा भाग पुन्हा बघितलात. मी शटरखालच्या उजेडाच्या पट्टीकडे बघत होते. मला वाटलं तुम्ही आता मला माराल, आणि मारलं असतंत तर बरं झालं असतं.

"तुझो हात हललो नाय," तुम्ही म्हणालात.

तुम्ही टीव्ही बंद केलात. मग म्हणालात, "माझ्यामुळे झाला ता. मीच तुका सांगलंय, दोनय हात कॅमेऱ्यावर म्हणान."

तुम्ही माझ्याकडे बघत होतात. तुम्हाला मी नाही म्हणायला हवं होतं, किंवा हो, काहीतरी. मी काही बोलले नाही. तुम्ही कॅमेऱ्यात कॅसेट घातलीत, भिंगावर टोपण लावलंत आणि रेकॉर्डिंग चालू करून ठेवलंत. आपण त्या यंत्राची घरघर ऐकत बसलो. बाहेर कुणीतरी शटर वाजवून गेलं. सगळं काळं करून झाल्यावर तुम्ही म्हणालात की ह्या कुणाक दिसाचा नाय, पण तिका तू सांग. तुझ्या तोंडान सांग. आठ दिवसांनी तुम्ही विचारलंत, सांगितलंस? मी म्हटलं, सांगितलं. काय म्हणाली? म्हटलं, काही नाही म्हणाली, जाऊ दे म्हणाली. ही ती तोंडाने सांगितलेली खोटी गोष्ट.

कॉलेजात मी कॅसेट बिघडली म्हणून सांगितलं. दिवाळीत ती फराळाला आली. तळवा बरा झाला होता, आडवा पांढरा व्रण राहिला होता, तो ती आईला कौतुकाने दाखवत होती. तुम्ही बाहेरून आलात, तिला बघून उंबऱ्यातच थांबलात. मग स्वयंपाकघरात येऊन तिच्या डोक्यावर हात ठेवलात आणि म्हणालात, "मोठ्या मनाची गो तू. दुसरी असती तर आमच्या दारात आली नसती." माझ्या हातात करंज्यांचं ताट होतं. त्या क्षणी मला जी भीती वाटली तशी खाडीच्या तोंडाशीसुद्धा वाटली नव्हती. ती आता विचारेल, का नसती आली? तिने माझ्याकडे बघितलं, काका असं का म्हणताहेत म्हणून. मग तिला वाटलं की तुम्ही होडीच्या संकटाबद्दलच बोलताय, ती हसली आणि म्हणाली की काका, हिने हात दिला म्हणून तर वाचले मी. तुम्ही तिच्याकडे बघितलंत, मग माझ्याकडे. ती सगळ्यांसमोर मला सांभाळून घेते आहे, असं तुम्हाला वाटलं असणार. तुमचे डोळे भरून आले आणि तुम्ही पाणी प्यायच्या निमित्ताने वळलात. तिला खरंच तसं आठवत होतं, बाबा. पाण्यात कुणाचा हात कुठून आला हे तिला कळलंच नव्हतं, आणि ज्याने ओढलं त्यालाही चष्म्याशिवाय काही दिसलं नव्हतं.

तुळशीच्या लग्नानंतर हंगाम सुरू झाला तेव्हा तुम्ही मालकाला सांगितलंत की आता माझे हात कापतात, कॅमेरा दुसऱ्याला द्या, मी दिवाच धरतो. आईला वाटलं वय झालं. मी रोज बघत होते, त्याच हातांनी तुम्ही आईला सुईत दोरा ओवून देत होतात, एका झटक्यात. त्यानंतर दिवा धरता धरता तुमचे खांदे गेले. माझ्या लग्नात दुसऱ्याच कुणीतरी चित्रीकरण केलं आणि तुम्ही, नवरीचा बाप, सवयीने एका बाजूला सरकून त्याच्या दिव्याला वाट करून देत होतात.

आता ती दुसरी गोष्ट, जी मी गप्प बसून खोटी सांगितली. होडीत मला तुमचं वाक्य आठवलंच नव्हतं. तुम्ही, मालक, कॅमेरा, काही नाही. हात पुढे केला तर ती मला खाली ओढेल, एवढंच मला कळत होतं. कॅमेरा डोळ्याला लावलेला होता म्हणून मला तिच्या तोंडाकडे नुसत्या डोळ्यांनी बघावं लागलं नाही, त्याचा उपयोग तेवढाच झाला. कॅमेरा नसता तरी मी हात दिला नसता. स्टुडिओत तुम्ही दोष स्वतःवर घेतलात तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं, आणि मी तो तुम्हाला तसाच घेऊ दिला. तुम्ही शेवटी रुग्णालयात होतात, शुद्धीवर होतात, आपण तास तास एकटे असायचो. तेव्हाही मी तुम्हाला मोसंबं सोलून भरवत बसले.

ती मुलुंडला असते. नवरा गेला, मुलगी आणि नात जवळ राहतात. गेल्या महिन्यात तिने जेवायला बोलावलं. जेवण झाल्यावर नातीने तळव्यावरचा व्रण बोटाने दाबून विचारलं, आणि तिने पुन्हा ती गोष्ट सांगितली, खाडी, उधाण, शेवाळलेला दोर, आणि मग ह्या आजीने मला हात दिला. ती पोरगी माझ्याकडे इतक्या आदराने बघायला लागली की मला तिथे बसवेना. नातीला झोपवून ती परत आली तेव्हा मी तिला सगळं सांगितलं. तुमचं वाक्य त्यात आणलं नाही. चित्र कसं होतं, हात किती वेळा आला, आणि मी का दिला नाही. ती ऐकत राहिली. टेबलावरची भांडी गोळा करून आत नेली, नळ सोडला, बंद केला. बाहेर आली तेव्हा तिने डोळे पुसलेले होते. "इतकी वर्षं तू माझ्याकडे येत होतीस," ती म्हणाली. एवढंच. थोड्या वेळाने म्हणाली की आता तू नीघ, मला जरा एकटीला बसू दे. मी निघाले. दारापर्यंत ती आली नाही.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, म्हणूनच लिहिता आलं. चार आठवडे झाले. रोज वाटायचं की ती कधीच बोलणार नाही, आणि मग त्याची सवय व्हायला लागली होती. काल संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते. फोन समोरच टेबलावर होता. तो वाजला, तिचं नाव आलं. पुरता वाजून थांबला, मग एकदा पुन्हा वाजला. मी तिथेच बसले होते, बाबा. मी उचलला नाही.